अठ्ठावीस सांधे

डोंबिवली,
५ ऑक्टोबर २०२५

आई,

हे पत्र फक्त औषधांबद्दल आहे. अप्पांच्या बाराव्याला मी जे बोलले, त्याबद्दल नाही. ठेवून देणार असशील तर निदान पुढचा परिच्छेद वाच, मग ठेव.

मंदामावशीने काल फोनवर सांगितलं की जूनपासून तू रविवारची गोळी बंद केली आहेस. तिला वाटलं, मला माहीत असेल. ती गोळी दुखणं मारायची नाही, संधिवाताला दाबून ठेवायची आहे. ती बंद केल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून माणसाला वाटतं की तिची गरजच नव्हती. मग काही महिन्यांनी आजार उठतो. हे मी कुठून तरी वाचून लिहीत नाही, ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंना विचारून लिहिते आहे. आता स्वतःच्या मनाने सुरूही करू नकोस. आधी रक्त तपासायचं, मग त्या सांगतील तेवढी घ्यायची. शनिवार १८ ऑक्टोबर, सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे. मावशी बरोबर यायला तयार आहे. मी नसले तरी चालेल.

पत्र अशासाठी की तू माझा फोन घेत नाहीस, आणि मावशीला केला तर ती स्पीकरवर टाकते. मग मी काय बोलते ते तिच्या मोहन्याच्या अर्ध्या चाळीला कळतं आणि तू काय बोललीस ते मला कळतच नाही.

मावशी आणखी एक म्हणाली. तिच्याकडेही सकाळी तू पलंगाच्या कडेला बसून राहतेस. ती चहा घेऊन आली की म्हणतेस, "थांब जरा, माझी पावलं अजून आली नाहीत."

हे वाक्य मी आपल्या घरातही ऐकलं होतं. तेव्हा मी काय म्हणाले ते आठवत नाही.

वेळ लक्षात ठेव. १८ ऑक्टोबर, साडेदहा.

दक्षता

डोंबिवली,
१२ ऑक्टोबर २०२५

आई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलं नव्हतं.

तुझा लेक संदेश रविवारी घोडबंदरहून आला होता. म्हणाला, "घर रंगवून घेऊ. अप्पांचं वर्षश्राद्ध आलंय." मी म्हटलं, श्राद्ध ठाण्याला आत्याकडे आहे, इथे कोण येणार? तर म्हणाला, "अरे पण ती भिंत बघ ना यार. कशी काळी झालीये."

त्याने दाखवली तेव्हा मी बघितली. तुझ्या पलंगापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत, डाव्या हाताच्या भिंतीवर पाच डाग आहेत. जमिनीपासून साधारण नव्वद सेंटीमीटरवर. प्रत्येक तळव्याएवढा, कडेला बोटांच्या खुणा. तू सकाळी खोबरेल चोळायचीस त्याचे. दोन डागांमधलं अंतर साठ सेंटीमीटर, कुठे एखाद-दुसरं कमी. तीन मीटरच्या वाटेत तू पाच वेळा भिंतीला धरत होतीस.

भिंतीला शेवटचा रंग तेवीसच्या दिवाळीत दिला होता. म्हणजे हे डाग त्यानंतरचे. तेव्हा तुझ्या हातांची सूज उतरली होती, मनगटं वळत होती, तू परत कोळंबी सोलायला बसली होतीस आणि आम्ही सगळ्यांना सांगत होतो की आईचा संधिवात ताब्यात आला. डाग त्या काळातले आहेत. मी रोज त्या भिंतीला लागून कामावर जात होते.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंना भेटले. सरळ विचारलं, "तुम्ही सांधे मोजता त्यात पावलं येतात का?"

"नाही. अठ्ठावीस सांधे मोजतो. खांदे, कोपर, मनगटं, हातांची बोटं, गुडघे. घोटे आणि पावलं त्यात नाहीत."

"का?"

"रोजच्या कामात मोजणी सुटसुटीत राहावी म्हणून. पावलं वेगळी बघायची असतात, ते माझ्याकडून राहिलं. पण पेशंटनेही सांगायला हवं. त्या कधी बोलल्या नाहीत."

 तू बोलली होतीस. मला.

त्यांनी अजून एक सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. रिमिशन म्हणजे आजार शांत, आजार गेला नव्हे. आणि आजार शांत असतानाही दुखणं, सकाळचा आखडलेपणा, थकवा पुष्कळ लोकांत मागे राहतो. रिपोर्टात न दिसणारा. ते ढोंग नसतं. "घरच्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवं," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो.

अजून एक गोष्ट. सकाळी साडेपाचला मला जाग येते. तुझ्या सपाता फरशीवरून घासत ओट्यापर्यंत जातात. दर वेळी मी पाच थांबे होईपर्यंत पडून राहते. मग लक्षात येतं की घरात मी एकटी आहे. वरच्या मजल्यावरचा आवाज असेल. वर कोण राहतं याची चौकशी केली. मार्चपासून ती खोली बंद आहे.

शनिवारी साडेदहा.

दक्षता

डोंबिवली,
१९ ऑक्टोबर २०२५

आई,

काल तुम्ही आला नाहीत. मी एक वाजेपर्यंत बसले. नवी वेळ शनिवार २२ नोव्हेंबरची मिळाली आहे.

संध्याकाळी मावशीला फोन केला. या वेळी स्पीकर होता ते बरं झालं. मला तुझा आवाज ऐकू आला, नऊ महिन्यांनी.

मावशी म्हणत होती, "कलावती, पोर विचारते, का नाय गेलीस?"

लांबून तू म्हणालीस, "तिला सांग, माझा आजार गेलाय. पंचवीस माणसांत तिनंच सांगितलंय."

त्यानंतर मिक्सर सुरू झाला.

बाराव्याबद्दल लिहिणार नाही असं म्हटलं होतं. पण तूच काढलंस, तर जे घडलं ते आधी नीट मांडते. तुला ठाऊकच आहे, पण माझ्याकडून मांडलेलं तू कधी ऐकलेलं नाहीस.

अप्पा गेले त्या दुपारी ठाण्याहून अप्पांच्या चेंदणीच्या बायका आल्या. तुझ्या बांगड्या उतरवल्या. मग जनाआत्या जोडवी काढायला तुझ्या पायांशी बसली. तिने मोजे ओढले आणि तिचा हात तसाच राहिला. बोटं मोकळी होती. नवरा जिवंत असताना उतरवलेली.  एक बाई उठून बाहेर गेली, तिच्यामागे दुसरी. आत्याने मोजे परत तुझ्या पायांत चढवले. मेलेल्याला झाकतात तसे.

बाराव्याला, जेवणं झाल्यावर, तिने विचारलं. "वैनी, कवा काढलीस जोडवी?"

तू म्हणालीस, "पाय सुजतात. बोटात रुतत होती."

आत्या माझ्याकडे वळली. "दक्षू, तू तर भाऊबीजेला सांगत होतीस, आयचा आजार गेला म्हणून. कागद दाखवलास ना मला? मंग पाय कशे सुजतात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "रिपोर्टप्रमाणे आजार गेलाय."

एवढंच वाक्य. चूक एका शब्दाचीही नव्हती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

त्यानंतर चेंदणीत काय बोललं गेलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आमच्या भावाच्या जिवावर उठली. आधीच उतरवून बसली होती. जानेवारीत तू पिशवी भरलीस तेव्हा मी दारात उभी होते. "कुठे चाललीस" असंही विचारलं नाही.

उद्यापासून दिवाळी. मावशीला फराळ पाठवते आहे. तिला म्हणून पाठवते आहे.

दक्षता

डोंबिवली,
२६ ऑक्टोबर २०२५

आई,

संदेशने मला न विचारता रंगारी पाठवला. मी कामावर होते. संध्याकाळी आले तर भिंत कोरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही डाग वर आले होते, पहिल्यापेक्षा पिवळे. रंगारी म्हणाला, तेल आत मुरलंय मॅडम, खरवडून अस्तर मारावं लागेल. मी त्याला नको म्हटलं. संदेश चिडला आहे.

आता रेषेबद्दल.

गेल्या वर्षीचा सप्टेंबर, तारीख चौदा. डॉक्टरीणबाईंच्या मदतनीस बाईंनी तुझ्या हातात कागद दिला होता. त्यावर दहा सेंटीमीटरची आडवी रेघ. डावं टोक म्हणजे काहीच त्रास नाही, उजवं म्हणजे जास्तीत जास्त त्रास. गेल्या आठवड्यात कसं वाटलं, त्या जागी खूण करायची.

तू मधल्याच्या पुढे केलीस. नंतर मी आठवून काढलं आहे, सहा सेंटीमीटरला. मी म्हटलं, "आई, एवढं?"

तू म्हणालीस, "अंगात ओली वाळू भरल्यासारखी वाटते गं. आणि पाय."

मी म्हटलं, "हातांना सूज नाही. रक्ताचा रिपोर्ट चौदा आलाय, सहा वर्षांत इतका चांगला कधी आला नव्हता. नीट विचार करून कर."

"मग कुठं करू?"

"तुला वाटेल तिथे कर."

असं बोलले खरी. पण माझं बोट रेघेवर होतं, दोन सेंटीमीटरपाशी. तू माझ्या बोटाकडे पाहिलंस आणि तिथे खूण केलीस. पहिली खूण दिसू नये म्हणून नवा कागद मीच मागून आणला होता.

तो आकडा सूत्रात जातो. सुजलेल्या आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या, रक्ताचा आकडा आणि ती खूण, मिळून एक गुण निघतो. दोन पूर्णांक सहाच्या खाली आला की रिमिशन म्हणतात. तुझा दोन पूर्णांक तेरा आला. त्या म्हणाल्या, "अभिनंदन." मी तो कागद प्लास्टिकच्या कव्हरात घातला आणि भाऊबीजेला आत्याला दाखवला.

या आठवड्यात सूत्रात सहा घालून पाहिलं. दोन पूर्णांक एकोणसत्तर येतो.

म्हणजे तुझ्या खुणेप्रमाणे रिमिशन नव्हतंच. ते माझ्या बोटाने आणलं.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. कारखान्यांची दाब मोजायची, उष्णता मोजायची यंत्रं आमच्याकडे तपासायला येतात. आमचा पहिला नियम असा: यंत्राला हात लावायच्या आधी, ते जसं आलं तसं काय दाखवतं ते लिहायचं. चुकीचं दाखवत असेल तर चुकीचं लिहायचं. दुरुस्ती नंतर. आधी दुरुस्त करून मग वाचन लिहिणं, याहून मोठा गुन्हा आमच्याकडे नाही. यावरून नोकऱ्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. नव्या लोकांना हा नियम शिकवायचं काम माझ्याकडे आहे.

मला वाईट हेतू नव्हता. मला तू बरी हवी होतीस. सहा वर्षं तुझी वेणी घातली, बरण्यांची झाकणं उघडली, अप्पांचे डबे केले. थकले होते. आकडा चांगला आला तेव्हा मला माझी सुटका झाल्यासारखं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण खोडत नाही.

आणि ते पावलांचं. तू म्हणाली होतीस, "दक्षू, माझी पावलं अजून आली नाहीत." मी म्हणाले होते, "मग त्यांना फोन कर." आठवलं. तू हसली होतीस, मला बरं वाटावं म्हणून. नंतर ते वाक्य माझ्यासमोर तू परत बोलली नाहीस.

२२ तारखेला जशी असशील तशी ये. सकाळी दुखण्यावरची गोळी घेऊन, शेक घेऊन, नीट चालून दाखवायला येऊ नकोस.

दक्षता

डोंबिवली,
२ नोव्हेंबर २०२५

आई,

एक उरलं आहे. ते तुला माहीत आहे आणि मला. तिसऱ्या कोणाला नाही, कारण तू सांगितलं नाहीस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी माझी हत्यारं पूजेला लावायची म्हणून टेबलावर पुसत बसले होते. तू आलीस, खुर्चीला धरून उभी राहिलीस.

"ती पक्कड धारदार आहे का गं?"

"वायर कापायची आहे."

"चांदी कापेल?"

मी वर पाहिलं तेव्हा तू पाय पुढे केला होतास. दोन्ही पावलांची दुसरी बोटं जोडव्याच्या वर आणि खाली फुगलेली. मधे जोडवं रुतून खाच पडली होती. उजव्या पायाच्या खाचेत कातडी सोलली होती.

मी म्हटलं, "सोनाराकडे जाऊ." तू म्हणालीस, "सोनार चेंदणीचा आहे. संध्याकाळपर्यंत आत्याला कळेल. तूच काप. दिवाळी झाली की सैल घडवून घेऊ."

कातडी कापू नये म्हणून जोडव्याखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवली. डावीकडे गेली. उजवीकडे साबण लावूनही जाईना. तू दोनदा "हळू" म्हणालीस. एकदा ओट्याकडे तोंड केलंस. कापून झाल्यावर मी सवयीने मोजलं. जोडव्याचा आतला व्यास सोळा पूर्णांक दोन मिलिमीटर. तुझं बोट, सांध्यावर, एकोणीस पूर्णांक आठ. ते आकडे माझ्या फोनमध्ये तारखेसकट आहेत. चार आठवड्यांपूर्वीच्या कागदावर रिमिशन लिहिलं होतं आणि माझ्या हातात सुजलेलं बोट होतं. मी कागदावर विश्वास ठेवला.

मग तू मोजे घालायला लागलीस. भाऊबीजेला आत्या म्हणाली, "वैनी, मोजे काय गो घालतेस, मडमीण झालीस काय?" तू म्हणालीस, "थंडी वाजते." अप्पा हसले. अठरा दिवसांनी अप्पा गेले.

आता मी बाराव्याला का गप्प राहिले ते.

मी असल्या गोष्टी मानत नाही. हे तुला माहीत आहे, मी लहानपणापासून तुला त्यावरून टोचत आले. अप्पांच्या हृदयाच्या दोन नळ्या बंद होत्या, त्यांचा कागद मी वाचला आहे. जोडव्याशी त्याचा संबंध नाही. पण त्या दुपारी, आत्याचा हात तुझ्या पायावर थांबला तेव्हा, मी दिवस मोजले. अकरा ऑक्टोबर ते एकवीस नोव्हेंबर. एकेचाळीस. न मानणाऱ्या माणसाला दिवस मोजायचं काही कारण नव्हतं.

आणि मनात आलं की असं काही असेलच, तर ते उतरवणारीवर येत नाही. कापणारीवर येतं.

म्हणून आत्याने विचारलं तेव्हा माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक, बोट एकोणीस पूर्णांक आठ होतं आणि जोडवी मी कापली. दुसरं, रिपोर्ट. मी दुसरं दिलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग खाली. त्यानंतर दहा-बारा बायकांनी तुला काय काय विचारलं. "कोणी काढून दिली? स्वतःच काढलीस?" असंही एकीने विचारलं. तू म्हणालीस, "स्वतःच."

मला अप्पा स्वप्नात येत नाहीत. आले असते तर बरं. मला फक्त पकडीचा आवाज येतो, चांदी तुटतानाचा. ऑफिसात कोणी वायर कापली की मी मागे वळून बघते. कल्पिता, माझी सहकारी, मला विचारते, काय झालं? मी म्हणते, काही नाही.

वर्षश्राद्ध दहा तारखेला आहे. आत्याचा निरोप तुला आला असेल किंवा नसेल. तू येणार नाहीस असं मावशी म्हणाली. मी जाणार आहे. तिथे सगळे असतील. मी सांगणार आहे.

तू नको म्हणालीस तरी सांगणार आहे. हे परवानगीचं पत्र नाही.

दक्षता

डोंबिवली,
११ नोव्हेंबर २०२५

आई,

सांगितलं.

पानं उचलल्यावर, बायका मागच्या पडवीत बसल्या होत्या तेव्हा. मी उभी राहून सांगायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात बसूनच सांगितलं, आत्याच्या समोर, फोनमधले आकडे दाखवून. रेघेचंही सांगितलं. पक्कड बरोबर नेली नव्हती. जाताना वाटेत संदेशला आधी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला होता की नाटक करू नकोस.

आत्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग परत दिला.

"म्हंजे तू कापलीस."

"हो."

"आणि वैनी म्हनली, मीच काढली."

"हो."

"मंग तवा का नाय बोललीस?"

"भ्याले."

"कोनाला? मला?"

"तुला नाही. मी दिवस मोजले होते. एकेचाळीस."

आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "शिकलेली ना गो तू?"

कोणी हसलं नाही. माझ्याजवळ बसलेल्या दोघी थोड्या सरकल्या. मुद्दाम नसेल. पण अंतर वाढलं, तेवढं मला कळतं.

आत्याने तुझी माफी मागितली असं मी लिहू शकत नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "कलावतीला मी कंचं तोंड दाखवायचं ते माझं मी बघीन. तू तुझं बघ." एक बाई म्हणाली, तरी पण नवऱ्याला विचारायला हवं होतं. आत्या तिच्यावर खेकसली, "तुझी दाढ सुजली तवा नवऱ्याला इचारून उपटलीस?" त्यानंतर त्यावर कोणी बोललं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

संदेश माझ्याशी बोलत नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "वर्षभर मी आईला फोन केला नाही. तुझ्या त्या एका वाक्यावर."

मी हलकी झाले असं वाटेल म्हणून लिहिते: झाले नाही. आज सकाळी साडेपाचला सपातांचा आवाज आला. मी उठून बाहेर आले आणि भिंतीपाशी उभी राहिले. काही नव्हतं.

२२ नोव्हेंबर. साडेदहा. यापुढची वेळ मी घेणार नाही. घेऊ शकत नाही असं नाही, पण तुला आणखी किती वेळा बोलवायचं हे मी ठरवणं बरोबर नाही.

दक्षता

डोंबिवली,
२४ नोव्हेंबर २०२५

आई,

शनिवारी तू जे पाहिलं नाहीस ते लिहिते.

मावशीने आदल्या दिवशी फोनवर तुझी अट सांगितली होती: "ती आत यायची नाय." मी बरं म्हटलं. तुम्ही आलात तेव्हा मी जिन्यासमोरच्या बाकावर होते. तुझी उजवी मूठ मिटत नव्हती. गेल्या वर्षी मिटत होती. तू माझ्याकडे न बघता आत गेलीस, मावशीही गेली, दार लागलं.

आत बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. आधी डॉक्टरीणबाईंचा आवाज, एक छोटा प्रश्न. मग तुझा. तू बोलत राहिलीस. मी इतका वेळ तुला सलग बोलताना कधी ऐकलेलं नाही. मधे एकदा थांबलीस आणि तुझ्या तोंडून "आ" असा आवाज आला. पाऊल दाबून पाहिलं असेल. समोर बसलेल्या एका आजोबांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दाराला लागून उभी होते. बाकावरून कधी उठले ते कळलं नाही.

नंतर मावशीने मला कागद वाचायला दिला, तुला विचारून. दोन्ही पावलांच्या बोटांच्या मुळाशी सूज आहे, सोनोग्राफीत दिसते आहे. हातात परत सुरुवात झाली आहे. रविवारची गोळी रक्ताचा रिपोर्ट बघून पुन्हा. पुढच्या बाजूला रुंद असलेली मऊ चप्पल. आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे की सूज उतरली तरी दुखणं आणि थकवा काही प्रमाणात राहू शकतो, दर वेळी पावलं बघायची, दर वेळी पेशंटला विचारायचं. रेघेवर तुझी खूण सात सेंटीमीटरला होती. कागद मी तसाच परत दिला.

जिना उतरताना मावशी पुढे होती, पिशव्या घेऊन. कठडा उजव्या बाजूला, आणि तुझा उजवा हात धरत नाही. तू वरच्या पायरीवर थांबलीस. मी एक पायरी खाली येऊन उभी राहिले, तुझ्याकडे पाठ करून. मग तुझा डावा हात माझ्या खांद्यावर आला. एकोणीस पायऱ्या आपण तशा उतरलो. प्रत्येक पायरीवर तू दोन्ही पावलं टेकवून मग पुढची घेत होतीस. मला घाई करायची सवय आहे. केली नाही.

खाली आल्यावर तू हात काढून घेतलास.

रिक्षात बसताना तू माझ्याशी बोललीस. "पत्रं पाठवू नकोस आता. किती बारीक लिहितेस. वाचताना डोकं चढतं." रिक्षा निघाली.

मी तिथे बराच वेळ उभी राहून त्याचा अर्थ लावत होते. पत्रं नकोत, की मी नको. मावशीला विचारलं असतं, पण ती स्पीकर लावते. मग लक्षात आलं की डोकं चढायला तू ती वाचली असली पाहिजेस. सगळी.

हे शेवटचं आहे. अक्षर मोठं काढलं आहे. रविवारी सकाळी अकरापर्यंत मी मोहन्याला येते. मावशीला कळवलेलं नाही. तुला कळवते आहे. नको असेन तर दार लावून घे, मी वाजवणार नाही.

दक्षता